फुकटची हजेरी

श्रमदानाला जाताना जुने कपडे घालावेत, हे मला मान्य आहे. प्रश्न फक्त किती जुने, एवढाच. फार विटका शर्ट घातला तर गावाकडचे म्हणतात, याचं मुंबईत काही बरं चाललेलं दिसत नाही. नवा घातला तर म्हणतात, हा काम करायला आलेलाच नाही. शेवटी मी कपाटाच्या तळातला एक विटका शर्ट काढला आणि त्याला कडक इस्त्री केली. बायको म्हणाली, "अहो, घमेलं उचलणार आहात की उद्घाटन करणार आहात?" खरं सांगायचं तर माझी दोन्हींची तयारी होती.

मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची बस नारायणगावजवळच्या आमच्या वाडीला निघाली होती, ती मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी. जीर्णोद्धार म्हणजे कौलारू देऊळ पाडून त्या जागी आरसीसीचं उभं करणं, हे आता सांगायला नको. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातली काही माणसं सुट्टी टाकून, स्वतःच्या खर्चाने विमानात बसून मेक्सिकोत चर्च बांधायला जातात आणि आठवड्याभरात उन्हाने लाल होऊन परत येतात. त्याने फोनवर हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अरे, आम्हीही तेच करतो. फक्त माळशेज घाटातून.

तरीही तयारीनिशी जावं म्हणून मी थोडं वाचन केलं. पिएर सेरेझोल नावाचा एक स्विस इंजिनिअर होता. 1920 साली, पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं होत होती तेव्हा, तो निरनिराळ्या देशांतली माणसं घेऊन व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात घरं बांधायला गेला. त्याच्या तुकडीत जर्मनही होते आणि गाव फ्रेंचांचं. हाच सेरेझोल पुढे 1934च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि तिथेही बांधकामाला भिडला. इतका थोर माणूस आणि आमच्या वाडीत कुणालाच माहीत नाही, हे मला सहन होईना. सरपंचांनी नारळ फोडल्या फोडल्या मी उभा राहिलो आणि व्हर्दूनपासून सुरुवात केली. बिहारपर्यंत पोचलोही असतो, पण मिस्तरीने मध्येच हात वर केला. "सायब, भाषान वाळलं तरी चालंल. माल वाळंल." सिमेंट एकदा पाणी घालून कालवलं की ते कुणाच्या व्याख्यानासाठी थांबत नाही.

मग मी विटा लावल्या. "खाच वर येऊ द्या," मिस्तरी म्हणाला. विटेच्या अंगावर एक खाच असते आणि तीत भट्टीवाल्याच्या नावाची अक्षरं असतात, हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. खाच वर ठेवायची, तीत माल भरायचा आणि त्यावर पुढचा थर. म्हणजे आख्ख्या मंदिरात सर्वांत जास्त ठिकाणी नाव कुणाचं असेल, तर त्या भट्टीवाल्याचं. आणि वर्गणीच्या यादीत तो नव्हताच.

नावाचा विषय निघालाच आहे तर तो असा सोडता येणार नाही. आमच्या मंडळाच्या सभांमध्ये देवाच्या मूर्तीबद्दल जेवढी चर्चा झाली नसेल तेवढी कुणाचं नाव कुठे घालायचं यावर झाली. दरपत्रकच होतं: पायरी, बाक, घंटा, पंखा. कळस अर्थातच लिलावात. मी पायरीच्या विचारात होतो, पण आमच्या काकांनी शंका काढली की वडिलांचं नाव पायरीवर घातलंस, तर गाव त्यावर पाय देऊन आत जाणार. मी नामदेवांचा दाखला दिला. पंढरपूरला नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, ती भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणूनच. काका म्हणाले, "त्यांनी दर विचारला नव्हता."

मग पंखा. तीन पाती, त्यामुळे एका पात्यावर माझं नाव, दुसऱ्यावर वडिलांचं आणि तिसऱ्यावर आडनाव, अशी व्यवस्था छान बसते. अडचण एवढीच की पंखा चालू असताना नाव वाचता येत नाही. ते वाचायचं तर वीज जायला हवी. त्या बाबतीत आमचा भाग दात्यांच्या फार सोयीचा आहे. शेतीपंपाची वीज तर पाळीने येते, आणि रात्रपाळी आली की माणूस हातात बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातो. त्याच उसात बिबट्या व्यालेला असतो. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. रात्री पाणी धरणाऱ्यासाठी बॅटरी आहे आणि देव. त्याच देवाच्या डोक्यावर माझं नाव फिरावं की नाही, यावर आम्ही घाटकोपरला चहाच्या तीन फेऱ्या केल्या होत्या. (यात्रेच्या तमाशाची सुपारी मात्र एका मिनिटात मंजूर झाली. विठाबाई नारायणगावकरांचं गाव शेजारी असताना तिथे कोण घासाघीस करणार?)

दुपारी पिठलं-भाकरी. चुलती आणि वाडीतल्या बायका पहाटे टोमॅटो तोडून आल्या होत्या आणि मग आम्हा बसभर सेवेकऱ्यांच्या भाकऱ्या थापत बसल्या. बॅनरवर आमचे फोटो होते. जेवण झाल्यावर मी मिस्तरीला सहज विचारलं, "तुमचे बिगारी दिसत नाहीत आज?"

"हायेत की. नवरा-बायको हायेत, आंबेगावच्या वरच्या अंगाचे. आज तुमी फुकट येनार, म्हनून त्यांना येऊ नका म्हनलं."

"मग ते आज कुठे?"

"नारानगावला अड्ड्यावं गेले असत्याल. काम लागलं तर लागलं."

तो अड्डा मी लहानपणापासून बघत आलोय. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातली आदिवासी माणसं पहाटे तिथे येऊन उभी राहतात. द्राक्षाच्या, टोमॅटोच्या कामाला कुणी नेलं तर दिवस गेला सत्कारणी. उन्हं चढेपर्यंत कुणी नेलं नाही, तर आल्या वाटेने परत. आम्ही देवाला जे दान देत होतो, ते त्या दोघांच्या खिशातलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं नाव पंख्यावरही येणार नव्हतं. मला सेरेझोलबद्दल आणखी बोलायचं होतं, पण त्यानंतर कुणी आग्रह केला तरी मी उभा राहिलो नाही. तसा आग्रह कुणी केलाही नाही.

संध्याकाळी मी भिंतीजवळ उभा राहून फोटो काढून घेतला. मिस्तरी ओळंबा सोडून बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"ही उद्या सोडवायची हाये," तो म्हणाला. "त्यांना निरोप धाडलाय. दोन दिस जात्याल."

म्हणजे त्यांच्या बुडालेल्या एका दिवसाची आम्ही दोन दिवसांनी भरपाई केली. आमच्या वाकड्या भिंतीचा गावाला झालेला हा एकमेव फायदा.

तरी मंडळाच्या सभासदांना विनंती की, स्लॅबच्या वेळी बस करू नये. त्या भाड्यात दोघांची महिनाभराची हजेरी निघते. ज्यांना यायचंच आहे त्यांनी यात्रेला यावं, तमाशा बघावा आणि येताना भाकरी बांधून आणावी. स्लॅबची वर्गणी खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल. नाव घालायचं असल्यास दर वेगळा. पंखे संपले आहेत.