निवांतराव किनाऱ्यानं जातात

निवांतराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते आमच्या सोसायटीनं ठेवलेलं आहे. एका कारखान्यात त्यांनी उभी हयात ‘उत्पादन नियोजन’ सांभाळलं, म्हणजे कुठलं मशीन कुठल्या मिनिटाला रिकामं असतं ते हुडकून त्याला कामाला लावलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच कसब स्वतःच्या मोकळ्या वेळावर चालवायला घेतलं. “आता काय, सगळं निवांत,” हे वाक्य ते दिवसातून अनेकदा म्हणतात आणि दरवेळी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणतात.

असे निवांतराव कोथरूडला आहेत, डोंबिवलीत आहेत, सांगलीलाही आहेत. संक्रांत उलटली की त्यांची गाडी कोकणाकडे तोंड करून उभी राहते. आत माणसं दोन आणि सामान सहा जणांचं. दोन घडीच्या खुर्च्या, दुर्बीण, पाण्याचा जार, थर्मास, टायरमध्ये हवा भरायचा पंप, आणि वहिनींनी केलेल्या दशम्या, तिळाच्या वड्या, चिवडा. कोकणात खायला मिळत नाही असं वहिनींचं म्हणणं नाही. पण ‘वाटेत लागलं तर’ हे एक कलम प्रत्येक मराठी संसारात असतं आणि त्याखाली काहीही बसतं.

मुंबई-गोवा महामार्गानं जाणाऱ्यांबद्दल निवांतरावांना कणव वाटते. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतर त्यावरून गेलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखी एक कहाणी आहे. निवांतरावांचा आक्षेप मात्र खड्ड्यांना नाही. “त्या लोकांना पोचायची घाई असते,” ते म्हणतात. “आपल्याला कुठे पोचायचंय? आपण किनाऱ्यानं जाऊ, वाटेल तिथे थांबू.” मग वाटेल तिथे कुठे आणि किती वेळ थांबायचं, याचा तक्ता ते एक्सेलमध्ये करतात. त्यात ‘स. ९.४० ते १०.२५ : वाळूत बसणे’ असते. ‘दु. ४.१५ : निवांत वेळ (५० मि.)’ असतो. तक्त्याच्या दोन प्रती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जातात. वहिनी आपल्या प्रतीनं वारा घेतात.

दिवेआगरच्या घरगुती खाणावळीला त्यांनी पुण्याहूनच फोन लावला होता. उकडीचे मोदक आयत्या वेळी मिळत नाहीत, सांगून ठेवावे लागतात, हे त्यांना पाठ आहे.

“किती माणसं?” पलीकडून मावशींनी विचारलं.

“दोघंच. अगदी निवांत येऊ आम्ही.”

“निवांत म्हणजे किती वाजता?”

“तसं काही बंधन नाही हो.”

“मग एकच्या आत या. दोनला आम्ही पडतो.”

त्या दिवशी ताम्हिणी घाटातून गाडी अशी सुटली, की वहिनींनी घाटमाथ्यावर मागितलेला चहा माणगाव गेल्यावर निवांतरावांच्या कानावर पोचला. पावणेएकला ते पानावर होते. मोदकांवर तुपाची धार पडली, समाधान झालं. जेवून अंगणात खुर्ची मांडली, तर मावशी, त्यांचे यजमान, कुत्रा आणि समोरचा दुकानदार सगळे आडवे. अख्खी आळी झोपली होती आणि कोणी त्याची कुठे नोंद केलेली नव्हती. निवांतराव पोफळीच्या बागेत येरझाऱ्या घालत राहिले. फोल्डरप्रमाणे निवांत वेळ सव्वाचारला सुरू होणार होता, आणि तोवर काय करायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राच्या अगदी अंगावरून जातो. इथे थोडा भूगोल सांगायला हवा. किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघालं की समुद्र उजव्या हाताला राहतो, आणि आपल्या गाड्यांचं चाकही उजवीकडेच. म्हणजे समुद्र चालवणाऱ्याचा. डावीकडे बसलेल्या माणसाच्या वाट्याला डोंगर, जांभ्याचे गडगे, काजूची झाडं आणि ‘घरगुती जेवण मिळेल’च्या पाट्या. निवांतराव समुद्र बघतात, म्हणून रस्ता वहिनींना बघावा लागतो.

“अगं, काय निळाशार आहे बघ!”

“तुम्ही आधी समोर बघा.”

हा संवाद श्रीवर्धनपर्यंत चालला. परतताना बाजू बदलेल, तेव्हा सगळा समुद्र तुझाच, असं आश्वासन त्यांनी मोठ्या मनानं देऊन टाकलं.

तसा निम्मा वेळ समुद्र उजवीकडच्यालाही दिसत नाही. इथला किनारा सलग नाही, थोडं पुढे गेलं की एक खाडी आत घुसलेली. तिला चुकवायला रस्ता चढून सड्यावर जातो, वाकडीतिकडी वळणं घेऊन पुन्हा गावात उतरतो. मोबाइलच्या नकाशात समुद्र करंगळीएवढ्या अंतरावर, आणि डोळ्यांपुढे करपलेलं गवत. नवख्यांचा इथे हिरमोड होतो. निवांतरावांचा होत नाही, कारण त्यांचं लक्ष सरासरी वेगाकडे असतं.

बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेशवीला उतरलं की वेळास जवळच आहे. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, पण हल्ली माणसं येतात ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या किनाऱ्यावर अंडी घालून निघून जातात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’नं २००२ सालापासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती अंडी राखायला घेतली. ती कुंपणाच्या आत पुरतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पिल्लं बाहेर आली असली तर वाळूवर सोडायची, नसली तर पाहुण्यांनी चहा प्यायचा.

हे ‘नसली तर’ निवांतरावांच्या तक्त्यात नव्हतं. त्यांनी तिथल्या पोराला विचारलं, “साधारण किती वाजता निघतील?”

“ते त्यांच्यावर आहे, काका.”

सकाळी तीन पिल्लं निघाली. दोघांनी सरळ पाणी गाठलं. तिसरं जरासं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. दोरीमागची माणसं श्वास रोखून बघत होती. निवांतरावही बघत होते, एक डोळा पिल्लावर आणि एक घड्याळावर. पिल्लांना हात लावू देत नाहीत म्हणून, नाही तर त्यांनी ते आठच्या आत लाटेत पोचतं केलं असतं.

“जाऊ द्या हो त्याला निवांत,” वहिनी म्हणाल्या.

हा शब्द दुसऱ्या कोणी वापरलेला निवांतरावांना फारसा आवडत नाही.

केळशी, आंजर्ले, हर्णै उरकून ते दाभोळला आले. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली. ती नसती तर समोर दिसणाऱ्या काठावर जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडला असता. वाचलेल्या किलोमीटरनं निवांतरावांना जो आनंद होतो, तो सूर्यास्तानं होत नाही. रांगेत गाडी लावून ते खाली उतरतात. रेवस ते रेडी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग, त्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना निघाली, आणि अजूनही सगळ्या खाड्यांवर पूल झालेले नाहीत, हे ते मागच्या गाडीतल्या नव्या जोडप्याला काच खाली करायला लावून सांगतात. बोट लागली की गाड्या चढवणाऱ्या पोराच्या मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ असे हातवारे करतात. स्वतःची गाडी मात्र त्या पोरानं घसा फोडून चढवून घेतलेली असते.

मग खाडीतली ती थोडी मिनिटं. इंजिन बंद, चाक हातात नाही, पुढे जाणं न जाणं बोटवाल्याच्या मर्जीवर. निदान इथे तरी हा माणूस टेकेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण रिकामं मशीन दिसलं की नियोजन खातं जागं होतं. ते टायर दाबून बघतात, फास्टॅगमधली शिल्लक तपासतात, आणि विचारतात, “अगं, तवसाळहून शेवटची बोट किती वाजता?” वहिनी तेव्हा कठड्याला टेकून एका कोळणीशी बोलत असतात. एवढ्या वेळात त्यांनी सुरमईचा भाव, कोळणीच्या सुनेचं बाळंतपण आणि गुहागरात खात्रीची आमसुलं कोणाकडे मिळतात, हे सगळं काढून घेतलेलं असतं. यातलं काहीच फोल्डरमध्ये नाही.

हेदवीला मात्र निवांतरावांनी कमाल केली. तिथल्या किनाऱ्यावर बामणघळ आहे, खडकातली एक अरुंद चीर. भरतीचं पाणी तीत घुसून उंच उसळतं, आणि ते बघायला लोक लांबून येतात. निवांतरावांना भरतीचं जुनं गणित येतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन पावणेसहाला दोघं खडकावर खुर्च्या मांडून हजर. सहा वाजले. भरती वेळेवर आली, पुरती आली. घळीत थोडं पाणी खळखळलं आणि खाली बसलं. सव्वासहाला पुन्हा तेच.

गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबले. “काय बघताय?”

“घळीतलं पाणी उसळायचंय.”

“आज कुठलं उसळतंय! अष्टमी ना आज? भांगाचं पाणी हे. पुनवेला नाही तर अवसेला या, उधाण असतं तेव्हा.”

वेळ बिनचूक निघाली होती, दिवस तेवढा चुकला होता. अष्टमीला चंद्राची आणि सूर्याची ओढ काटकोनात असते, त्यामुळे ती भरती सगळ्यांत दुबळी, हे निवांतरावांनी परतताना वहिनींना सविस्तर समजावलं. ऐकणाऱ्याला वाटावं, दुबळी भरती बघायलाच ते पुण्याहून आले होते. वहिनींची काही तक्रार नव्हती. खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून होती आणि ती गाडीत नव्हती, त्यामुळे त्यांना चांगला तासभर समुद्र मिळाला.

पुढे तवसाळ-जयगडची बोट, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळ्याचं दर्शन. तिथे निवांतरावांची कंबर धरली. रोज निवांतपणा करायचा म्हणजे कमरेवर ताण येणारच. वहिनींनी चाक घेतलं. बँकेत नोकरीला असताना गाडी चालवायला त्या निवांतरावांच्याही आधी शिकलेल्या, पण ‘रस्ता घाटाचा आहे’ या कारणाखाली त्यांच्याकडे आजवर गाडी पार्किंगमधून बाहेर काढून देण्याचंच काम होतं.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे निघालं की आरे-वारे लागतं. रस्ता कड्यावर चढतो, एक वळण घेतो आणि खाली वाळूचे पट्टे, मधली खाडी, पलीकडे उघडा समुद्र असं सगळं एकदम पुढ्यात येतं. अख्ख्या किनाऱ्यावरची सर्वांत देखणी जागा हीच, असं माझं मत आहे, आणि ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी तिथे जाऊन यावं. वहिनींनी वेग तीसवर आणला. निवांतरावांच्या खिडकीत डोंगर कापून काढलेली तांबडी दरड होती.

“काय दिसतंय गं?”

“समुद्र,” वहिनी म्हणाल्या आणि त्यात भर घातली नाही.

“जरा थांबव ना पुढे.”

“फोल्डरमध्ये आहे का?”

थांबवली त्यांनी. पण निघायचं कधी, हे त्या दिवशी त्यांनी ठरवलं.

रत्नागिरीच्या पुढे कंबर सावरली आणि चाक परत गेलं. त्यामुळे पावस, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण यांच्यापुढे खुणा झाल्या, एवढंच सांगता येईल. शिरोड्याआधी आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. हा देव रात्री गावात फिरून राखण करतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. वहिनी त्या चपलांसमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. “रोज पायी फिरतो म्हणे,” त्या म्हणाल्या. “गाडी नाही.” निवांतराव तोवर रेडीला किती मिनिटं लागतील ते बघत होते.

रेडीला गणपतीचं दर्शन झालं, किनारा संपला. आता गाडी वळणार आणि समुद्र डाव्या खिडकीत येणार. निवांतरावांनी नकाशा उघडला. “आलो त्याच रस्त्यानं परत कशाला जायचं? सगळं बघून झालंय. आंबोलीनं वर चढू, कोल्हापूरला जेवू, रात्री घरी.” रात्री ते घरी होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर त्यांनी सहलीचा अहवाल दिला: “अगदी निवांत झाली. एकही बोट चुकली नाही.” वहिनी तेव्हा शेजारणीला आमसुलं मोजून देत होत्या.

तेव्हा जोडीनं जायचं असेल तर आधी आंबोली घाट उतरून रेडी गाठा आणि तिथून वर रेवसकडे निघा. खाड्या त्याच, बोटी त्याच, पण समुद्र डावीकडच्या माणसाला दिसतो. बामणघळ बघायची तर पुनव किंवा अवस धरा. आणि मोदकांसाठी फोन आदल्या दिवशीच करा, दुपारचे दोन ते चार सोडून.