सरकत्या खोलीची रिंग

न्यू जर्सी,
२० ऑक्टोबर

ती. दादा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आमची खोली गळते. फोनवर सांगायला गेलो तर दादा म्हणाले, "पत्रा बदल." इथे पत्र्याचा नव्हे, रबराचा प्रश्न आहे हे सांगेपर्यंत रेंज गेली. म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात आम्ही जुनं मोटारहोम घेतलं, हे ठाऊक आहेच. ("ऊसतोडीवाले पोटासाठी बैलगाडीवर संसार हिंडवतात, तू कर्ज काढून हिंडव" हा दादांचा आशीर्वाद अजून कानात आहे.) त्याला एक स्लाइड-आउट, म्हणजे सरकती खोली आहे. मुक्कामी पोचलं की बटण दाबायचं. मोटर घुरघुरते आणि सोफा-खिडकीसकट अख्खी भिंत टेबलाच्या खणासारखी तीन फूट बाहेर सरकते. निघताना परत आत. आता खण म्हटला की फट आली. ती बुजवायला कडेने रबर. एक पोकळ, गोलसर. दाबलं की चपटं होऊन फट बंद करतं. आई, कुकरची रिंगच समज. दुसरं जिभेसारखं पातळ; खोली सरकताना तिच्या अंगावरचं पाणी निपटून काढतं.

हे रबर दोन-तीन महिन्यांनी साबणाच्या पाण्याने पुसायचं, कोरडं करून रबरासाठीचा फवारा मारायचा, आणि खोली आत घेण्याआधी तिच्या टपावरचा पाचोळा झाडायचा. एवढंच काम. मी त्यातलं एकही केलं नाही. उलट रबर सुकलेलं दिसलं म्हणून आईने भेगांसाठी दिलेलं मलम चोळलं. आईचा दोष नाही, तिने टाचांसाठी दिलं होतं. पण ईपीडीएम जातीचं हे रबर उन्हापावसाला दाद देत नसलं तरी पेट्रोलियमचं काही लागलं की फुगून मऊ पडतं.

गेल्या पंधरवड्यात ओकच्या झाडाखाली मुक्काम केला. निघताना बटण दाबलं. टपावरची बोंडं खोलीबरोबर आत निघाली, त्यातलं एक जिभेखाली अडकलं आणि हातभर रबर टर्रकन फाटलं. त्याच रात्री पाऊस. पाणी नेमकं तुमच्या सूनबाईंच्या उशीवर. माझ्या उशीवर पडलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

नवं रबर मागवायचं तर मोजमाप. वरची बाजू बारा फूट, दोन उभ्या बाजू सहा-सहा. चोवीस फूट मागवलं. आल्यावर तुमच्या नातीने विचारलं, "बाबा, आतल्या बाजूलाही आहे ना?" आहे. पुन्हा चोवीस फूट.

चिकटवणं सोपं. जुना गोंद खरवडणं म्हणजे परीक्षा. दोन दिवस मी प्लॅस्टिकची पट्टी आणि स्पिरिटचा बोळा घेऊन शिडीवर होतो, वरून ताडपत्री, आपल्या द्राक्षबागेवर टाकतो तशी. त्यात सकाळी गारठा, आणि गारठ्यात गोंद धरत नाही. मग सूनबाईंचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन भिंतीला शेक दिला. तिकडे कुंदेवाडीचा पारा उतरला की तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवता, मी त्याच घरचा.

एक चूक मात्र झालीच. लावताना मी रबर ताणलं. ताणलेलं रबर रात्रीतून आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. वरचा डावा कोपरा करंगळीएवढा उघडा पडला. तो तुकडा काढून, न ताणता, उलट किंचित ढिला ठेवून परत लावला.

शिडीवर उभं राहून सारखी आपली चाळ आठवत होती. कांद्याला वारा लागावा म्हणून तिथे दादा मुद्दाम फटी ठेवतात आणि एखादी बुजली तर ओरडतात. मी इथे फट बुजवायला पगार घालवतोय. आपल्या घरात फटींचं एवढं ज्ञान असताना ते माझ्यापर्यंत उलटं कसं पोचलं कोण जाणे.

काल दिवसभर पाऊस होता. खोली कोरडी आहे, उशीही.

छाटणी उरकली का, आणि चाळीतला कांदा काढला की भावासाठी थांबलात, ते कळवा. मे महिन्यात याल तेव्हा आईने कुकरच्या दोन रिंगा आणाव्यात, पाच लिटरच्या. इथे आपल्या कुकरची मला मिळाली नाही, आणि आमचा कुकर गेल्या मंगळवारपासून शिट्टीच देत नाही.

तुमचा,
धाकटा