इंजिन त्यांचं, डबा आमचा

इंग्लंडात जुन्या आगगाड्या चालत्या ठेवण्यासाठी फुकट राबणारी माणसं हजारोंनी आहेत, आणि त्यांच्यात दोन वर्ण आहेत: इंजिनवाले आणि डबेवाले. इंजिनवाल्याच्या अंगात निळा डगला, कपाळावर काजळी आणि चेहऱ्यावर सगळं जग आपणच ओढतो आहोत असा भाव. लोक त्याचे फोटो काढतात. लहान मुलं त्याला हात हलवून दाखवतात, आणि मुलांचं झाल्यावरही त्यांच्या आया हलवत राहतात. डबेवाल्याच्या केसांत लाकडाचा भुसा आणि नखांत लांबी. त्याला पाहिल्यावर लोक विचारतात, ‘इथे स्वच्छतागृह कुठे आहे हो?’

मी डबेवाला आहे.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी घरी बसून बायकोला स्वयंपाकघराच्या मांडणीबद्दल सूचना करू लागलो. तिने त्या ऐकून घेतल्या आणि एके दिवशी स्थानिक साप्ताहिकातली ‘स्वयंसेवक पाहिजेत’ ही चौकट कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. वर लोणच्याची बरणी ठेवली, उडू नये म्हणून. आमच्या रेल्वेचं नाव मी सांगत नाही, कारण पुढचं कुणी भाषांतर करून तिथे वाचून दाखवलं तर माझा चहा बंद होईल. दक्षिण इंग्लंडात आहे, एवढं पुरे.

तिथल्या मुख्य माणसाने विचारलं, ‘तुम्हाला काय येतं?’ आयुष्यभर बँकांच्या संगणकप्रणाल्या कशा सांभाळल्या ते मी सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि माझ्या हातात पॉलिशपेपर दिला.

हा जो सगळा खटाटोप आहे, त्याची पहिली नोंद वेल्समधली. तिथली टॅलिलिन ही दगडी पाट्यांच्या खाणीची चिमुकली रेल्वे मरायला टेकली होती. टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने 1950 मध्ये बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि 1951 पासून हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. जगात स्वयंसेवकांनी वाचवलेली ही पहिली रेल्वे. थॉमस या बोलक्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री तिथे गार्ड म्हणून राबायला जात. थॉमसला कोण ओळखत नाही? पण त्याच्या मागे इमानाने फिरणारे दोन डबे आहेत, अ‍ॅनी आणि क्लॅराबेल. ही नावं किती जणांना आठवतात? मुलांच्या गोष्टीतसुद्धा आमचा वर्ण हाच.

माझ्या मते मात्र या पंथाचा मूळपुरुष एक बाई आहे. ससेक्समध्ये लुइस ते ईस्ट ग्रिनस्टेड असा एक तोट्यातला मार्ग होता. ब्रिटिश रेल्वेने तो 1955 मध्ये बंद केला. जवळच मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत. पोलाद करण्याची नवी पद्धत काढणाऱ्या हेन्री बेसेमरची ही नात, तेव्हा घराण्यातच वितळवण्याची हातोटी असावी. बाईंनी संसदेचे जुने कायदे उपसले आणि त्यांना हवं ते कलम सापडलं: या मार्गावर रोज चार गाड्या धावल्याच पाहिजेत. कायदा रद्द झालेला नव्हता, म्हणजे मार्ग बंद करणं बेकायदा. रेल्वेला 1956 मध्ये नाक मुठीत धरून गाड्या परत सुरू कराव्या लागल्या. पण सरकारी खातं शेवटी सरकारी खातं. कायद्यात चार गाड्या लिहिल्यात ना, मग चारच. त्याही ज्या वेळी कुणाला कुठेही जायचं नसतं अशा वेळी. आणि ज्या स्टेशनांची नावं कायद्यात नव्हती तिथे थांबायचं नाही. लोकांनी या सेवेला ‘रुसकी गाडी’ अशा अर्थाचं नाव दिलं. शेवटी रेल्वेने संसदेतून कायदा बदलून घेतला आणि 1958 मध्ये मार्ग रीतसर मारला. पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी संस्था काढली आणि 1960 मध्ये त्याच मार्गाच्या एका तुकड्यावर ब्लूबेल रेल्वे धावू लागली. ती आजही धावते. सजग नागरिक मंच चालवणाऱ्या पुणेकरांनी या बाईंचा फोटो कार्यालयात लावायला हरकत नाही.

पुढे 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. दोन हजारांवर स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. तेव्हापासून वाचवायला काही मिळणार नाही ही भीती उरली नाही.

इंजिनं निदान भंगारच्या यार्डात तरी सापडली. डबे कुठे सापडावेत? जुन्या काळी डब्याचं वरचं अंग चाकांवरून उतरवून लोकांना विकत. ससेक्सच्या किनाऱ्यावर शोरम, पॅगम, सेल्सी इथे लोकांनी दोन-दोन डबे समोरासमोर ठेवून, वर छप्पर घालून बंगले बांधले. त्यातले काही आजही बंगले म्हणून उभे आहेत. बाकीच्या डब्यांचं गुदाम झालं, नाहीतर खुराडं. आमच्या हाती आलेला डबा एका शेतात होता आणि त्यात कोंबड्या होत्या. कोंबड्या पहिल्या वर्गात राहत होत्या. तिसऱ्या वर्गाचे कप्पे शेतकऱ्याने बटाट्यांना दिले होते.

वर्गांवरून आठवलं. इंग्लंडात कित्येक दशकं रेल्वेला पहिला वर्ग होता आणि तिसरा वर्ग होता. दुसरा नव्हता. मिडलंड कंपनीने 1875 मध्ये तो काढला आणि बाकीच्यांनी हळूहळू तिचा कित्ता गिरवला. तिसऱ्याने प्रवास करणाऱ्याला आपण शेवटून पहिले आहोत हे माहीत होतं, पण मधे कोण हे विचारायची सोय नव्हती. मग 1956 मध्ये तिसऱ्याला दुसरा म्हणायचं ठरलं. पाटी बदलली, बाक तेच. आपल्याकडेही तिसऱ्या वर्गाचा दुसरा वर्ग पाटी बदलूनच झाला, आणि लाकडी बाकं तशीच राहिली. ती मऊ केली मधू दंडवते यांनी, 1977 नंतर रेल्वेमंत्री असताना. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळीवर दोन इंची फोम आला तो त्यांच्यामुळे. आमच्या शेडमध्ये गाद्यांचं काम एका माजी मुख्याध्यापिकेकडे आहे. घोड्याचे केस पिंजून ती सीट भरत असते आणि केस नीट बसले नाहीत तर सीटला रागावते. तिला मी ही दोन इंची फोमची हकिकत सांगितली. तिचे डोळे भरून आले. ‘राणीने त्यांना सर केलं की नाही?’ मी म्हटलं, ‘बाई, ते समाजवादी होते. आणि कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे सर ते आधीपासूनच होते.’

आमच्या शेडमधले दुसरे मातब्बर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. सागाच्या चौकटीत कुठे सड लागली आहे हे शोधायचं काम त्यांचं. ते गुडघ्यावर बसतात, कपाळावर दिवा लावतात, खांबाला हलकेच टोच्या टोचतात आणि मान हलवतात. टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत गेला की ‘अरेरे’ म्हणतात, पण त्या ‘अरेरे’त समाधान असतं. मग सडलेला भाग पटाशीने साफ करून काढायचा, कडा नीट कापायच्या आणि नव्या लाकडाचा तुकडा बरोब्बर बेतून, सरस लावून बसवायचा. याला ते दुरुस्ती म्हणत नाहीत, उपचार म्हणतात. तुकडा बसला की खांबाकडे पाहून म्हणतात, ‘दोन तास काही खाऊ नका.’

तिसरा खराखुरा सुतार. सगळ्यांत एकटा तोच हे काम जन्मभर करत आला आहे. तो कमीत कमी बोलतो. बाकीचे सगळे त्याला कसं करायचं ते सांगतात.

बाहेरच्या पट्ट्यांवर पितळी स्क्रू असतात. स्क्रू घट्ट बसला म्हणजे काम झालं असं जगात सगळीकडे मानतात. इथे नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच लाकडाच्या रेषेशी समांतर हवी, आणि सगळ्या खाचा एका ओळीत. वरून लांबी, मग अस्तर, मग रंगाचे हात, मग व्हर्निश. त्याखाली खाच पूर्वेला आहे की पश्चिमेला हे देवाला तरी दिसतं का? मी विचारलं. सुताराने मान वर केली. ‘मला दिसतं,’ तो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं ते सगळं बोलणं होतं.

आणि रंग! फोटो सगळे काळे-पांढरे, त्यामुळे मूळ रंग कोणता यावर आमच्याकडे जे चर्चासत्र चालतं त्याची सर एकाही साहित्य संमेलनाला येणार नाही. हिरवा आहे यावर एकमत आहे. कोणता हिरवा यावर गट आहेत. रंग खरवडत जुन्या थरांपर्यंत जायचं, तर तिथेही तो शंभर वर्षांच्या धुराने काळवंडलेला. एका आजोबांना साक्षीला आणलं, कारण ते लहानपणी त्या डब्यातून प्रवास करत. ते म्हणाले, ‘मी नेहमी इंजिनाकडेच बघायचो.’

या वादात मी एकदा डेक्कन क्वीन उभी केली. म्हटलं, आमच्या पुण्याहून मुंबईला 1930 पासून एक राणी जाते. पहिल्या दोन गाड्यांपैकी एकीचे डबे रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरीचे गडद निळे आणि त्यावर सोनेरी रेघ. डब्यांच्या खालचे सांगाडे इंग्लंडात बनले आणि वरचं अंग माटुंग्याच्या कारखान्यात. शेडमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, आता कौतुक होणार. दंतवैद्यांनी दिवा विझवला आणि विचारलं, ‘निळा म्हणजे कोणता निळा?’ मी म्हटलं, राजेशाही. ‘ते झालं नाव. छटा?’ त्यानंतर प्रत्येक चहाला मला ही छटा विचारली जाते. राणीचा वाढदिवस दर 1 जूनला पुणे स्टेशनावर केक कापून साजरा होतो, 2022 मध्ये तिला नवे डबे मिळाले पण डायनिंग कार राहिली, हे सगळं मी सांगतो. ते बाकरवडी खातात, मान डोलावतात आणि छटेवर येतात.

चहा साडेदहाला. आमच्या रेल्वेत वेळेवर सुटणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

एक डबा उभा करायला पाच-सात वर्षं सहज जातात, दहाही जातात. पैसा हे एक कारण. लोक मृत्युपत्रात बॉयलरसाठी पैसे ठेवतात. संडासाच्या टाकीसाठी अजून कुणी ठेवलेले नाहीत. दुसरं कारण पाऊस. सगळे डबे मावतील एवढं छप्पर जवळजवळ कुठल्याच रेल्वेकडे नाही. छपराच्या फळ्यांवर रंगाच्या दाट थरात ताणून बसवलेला कॅनव्हास, त्याला एक चीर पडली की पाणी आत. म्हणजे या टोकाचा डबा चकचकीत होईपर्यंत त्या टोकाला उघड्यावर उभा असलेला, मागच्या पिढीने चकचकीत केलेला डबा पुन्हा दंतवैद्यांकडे येतो. हे ऐकून माझी बायको म्हणाली, ‘अहो, म्हणजे हे कधी संपणारच नाही?’ मी ‘नाही’ म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

तर तो कोंबड्यांचा डबा गेल्या वसंतात गाडीला जोडला. पहिल्या फेरीला आम्हा चौघांना एका कप्प्यात बसायची परवानगी होती. फलाटावर गर्दी, आणि गाडी लागताच सगळी गर्दी पुढे पळाली, इंजिनाचे फोटो काढायला. दोन तरुण आत शिरले, पण पुढच्या स्टेशनावर त्यांना उतरता येईना, कारण दाराला आतून मूठच नसते. चामडी पट्टा सोडून खिडकी खाली घ्यायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. ते एक स्टेशन जास्त गेले. मुख्याध्यापिकेने तेवढ्यात त्यांना तो धडा दोनदा करून दाखवला आणि त्यांच्याकडून करून घेतला.

ते उतरले आणि एक वयस्क जोडपं आलं. गृहस्थ दार लावून ऐसपैस बसले. गादी दाबून पाहिली. छताकडे पाहिलं. खिडकीखालच्या फळीवर बोटांनी टकटक केली. ती फळी ऑक्टोबरात बसवलेली होती.

‘बघ,’ ते बायकोला म्हणाले, ‘तेव्हाच्या वस्तू कशा असायच्या. शंभर वर्षं झाली, कुणाला हात लावावा लागला नाही.’

दंतवैद्यांनी तोंड उघडलं. मुख्याध्यापिकेने त्यांच्या पायावर पाय दिला. सुताराने खिडकीबाहेरची नजर आत आणली.

‘हो ना,’ तो म्हणाला. ‘लाकूडच तसं यायचं.’