बंपरमालक

सोलापुरात टपरीवरच्या पोऱ्यापासून दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या शेठपर्यंत प्रत्येकजण मालक असतो. "काय मालक, बरं हाय का?" एवढं म्हटलं की ओळख झाली. पण या मालकांत एक वेगळी पोटजात आहे, आणि सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या बोळात तिचा एखादा नमुना सापडतोच. या गृहस्थांच्या दारात एक जुनी फियाट असते. गाडी चालते का, असं त्यांना विचारणं असभ्यपणाचं. चकाकते का, एवढंच विचारावं, आणि तेही घाई नसेल तरच.

मालक सकाळी उजाडता उजाडता बाहेर येतात. अंगात बनियन, खाली लुंगी आणि खांद्यावर वडिलांच्या धोतराचा मऊ झालेला तुकडा. चादरींच्या गावात जन्म गेला, पण चादरीचा कपटा ते बंपरजवळ फिरकू देत नाहीत. वीण जाड, ओरखडे पडतात. वेळही ठरलेली. एप्रिलात नऊ वाजल्यानंतर बंपरला हात लावला तर चटका बसतो आणि पॉलिशची पेस्ट लावल्या लावल्या वाळून पापडी धरते. "तापल्या धातूला पॉलिश करणारा माणूस," मालक म्हणतात, "तापल्या माणसालाबी शानपन शिकवायला जातोय."

त्यांच्या खिशात किल्ली नसली तरी एक छोटं चुंबक असतं. नवा पाहुणा आला की ते बाहेर निघतं. बंपरला चिकटलं: पोलाद, वर निकेल, त्याच्यावर क्रोम. दाराच्या पट्टीला लावलं, खाली पडलं: ॲल्युमिनियम. मग प्रवचन सुरू होतं. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. झळाळी खरी निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देतं आणि जपतं. त्या थराला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की ओल आत शिरते, खालचं पोलाद गंजतं आणि वर तांबूस ठिपके उठतात. त्या ठिपक्यांवर मालकांचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातली चंदेरी फॉईल. चुरगाळायची, पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने फिरवायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडा पडत नाही. हे शास्त्र बिनचूक आहे. फक्त काकूंची डब्यात पोळ्या गुंडाळायची फॉईल कधीच सापडत नाही, एवढीच अडचण. काकूंनी त्यावर पोळी बंद करून कडक भाकरी सुरू केली. ती कशातच गुंडाळावी लागत नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र मालकांचा आवाज खाली येतो. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बऱ्याचदा ॲनोडायझिंगचा पारदर्शक थर असतो. कॉस्टिक किंवा सोडा असलेलं धुण्याचं पाणी लागलं की ते तो थर खातं आणि पट्टी दुधासारखी पांढरट पडते. लोकांना वाटतं, मळ बसलाय. मग ते पितळेची भांडी घासायची पावडर आणतात आणि उरलासुरला थरही खरवडून काढतात. "फडकं बघायचं," मालक सांगतात. "पांढरं राहिलं तर थर शाबूत हाय. काळं पडलं की समजायचं, आता उघड्या धातूवर आलो. आता हयातभर घासायचं आणि वॅक्स लावायचं." हे ते एखाद्या घराण्यातला आजार सांगावा तसं सांगतात.

पाण्याशी त्यांचं नातं गुंतागुंतीचं आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की घरातली सगळी माणसं बादल्या, पिंप, हंडे घेऊन धावतात आणि मालक एक तपेली घेऊन फियाटकडे. बोअरचं पाणी ते गाडीला लावत नाहीत. ते जड, वाळलं की पांढरे डाग ठेवून जातं. नळाचं, उजनी धरणातलं गोड पाणी गाडीला आणि बोअरचं आंघोळीला, अशी वाटणी त्यांनी कधीच करून टाकली आहे. घरच्यांनी या विषयावर मतदान मागितलं होतं. मालकांनी ते पुढे ढकललं.

गाडी मात्र सोलापूरचीच, असा त्यांचा दावा. ती मुंबईत कुर्ल्याला तयार झाली, हे त्यांना कबूल आहे. पण प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली कुणी? वालचंद हिराचंद यांनी. आणि वालचंदशेठ १८८२ साली जन्मले कुठं? सोलापुरात. म्हणजे फियाट सोलापूरची, आणि इटलीवाल्यांचा तिच्याशी संबंध नवऱ्याकडच्या लांबच्या पाहुण्यांएवढा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली तेव्हा मालकांनी तीन दिवस बंपरला हात लावला नाही. सुतक.

गाडी दाराबाहेर पडते ती लग्नाला. पेठेतल्या कुठल्याही घरातून "मालक, नवरदेवासाठी तुमची गाडी" असा निरोप आला की आधी आनंद होतो, मग फुलवाला आठवतो. हार चिकटवायला तो थेट बंपरवर सेलोटेप मारतो. म्हणून मालक वरातीत नवरदेवाच्या मागे नसतात, पुढे नसतात; ते बंपरच्या रेषेत चालतात. नाचणाऱ्या पोरांचं एखादं बोट जाळीला लागलं की धोतराचा तुकडा पुढे होतो. फटाक्यांची राख तर उडता उडता झेलतात. व्हिडिओत नवरी कमी आणि मालकांची पाठ जास्त येते. नव्या जोडप्याला आशीर्वाद देताना त्यांचं लक्ष टेप किती वेळ राहिली इकडे असतं. उन्हात गोंद वितळला की तो काढायला खोबरेल तेल आणि अर्धा दिवस जातो.

गड्ड्याच्या जत्रेत आख्खं सोलापूर होम मैदानावर लोटतं. मालकही जातात, पण चालत. तिथली धूळ फडक्याखाली आली तर फडक्याचा सॅन्डपेपर होतो.

त्यांच्या पोराने नवी मोठी गाडी घेतली, तेव्हा मालकांनी तिच्या जाळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज डब्याच्या झाकणासारखा आला. "प्लॅस्टिक हाय बे," एवढंच म्हणून ते घरात गेले. पोराने एकदा टायरजवळचा डाग काढायला संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि तेच फडकं फियाटच्या हेडलाइटच्या रिंगवर फिरवलं. त्या ॲसिडने क्रोम विरघळतं. रिंगवर पिवळट निकेल उघडं पडलं. मालक ओरडले नाहीत. त्यांनी पोराच्या हातात धोतराचा तुकडा दिला आणि म्हणाले, "आता रोज तू." पोरगं आता साडेसहाला उठतं. त्याच्या लुंगीचं माप घेऊन झालंय, असं ऐकतो.

मला हे मालक चमत्कारिक वाटतात, पण चुकलेले वाटत नाहीत. पाच मिनिटांत लखलखाट देणाऱ्या बाटल्या बाजारात ढिगाने आहेत. त्यातली कुठली कुठल्या धातूला चालते, हे बाटली सांगत नाही. मालक सांगतात, आणि फुकट. त्यांची फी म्हणजे तुमची अख्खी सकाळ.

तेव्हा सोलापुरात एखाद्या बोळातून जाताना बंपरमध्ये स्वतःचा चेहरा दिसला, तर थांबा, केस नीट करा, चहाला हो म्हणा. फक्त बोट लावू नका.