चार ढेकळे आणि चाळीस स्लाइडी

सादरीकरण म्हणजे एखादी संगणकीय प्रणाली तिच्या भावी वापरकर्त्यांपुढे उलगडून दाखवणे, अशी व्याख्या केली जात असली, तरी प्रणाली घडवणाऱ्याने आपले कौतुक प्रोजेक्टरवर मोठे करून पाहणे, हाच त्या शब्दाचा रूढ अर्थ दिसतो. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावर स्वतः नोंद करण्याची व्यवस्था, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अशा ॲपची ओळख बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीत करून देताना डॅशबोर्डला, म्हणजे साहेबांना गावोगावची टक्केवारी एका नजरेत दाखवणाऱ्या फलकाला, मान मिळणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच चाळीस स्लाइडी जळगाव जामोद तालुक्यातील एखाद्या चावडीवर जशाच्या तशा लावल्या, की पाचवीला पुढची रांग तंबाखू मळू लागते आणि आठवीला वक्ता घाम पुसू लागतो. अक्षांश-रेखांशांवर दहा मिनिटे खर्चूनही जे कळत नाही, ते ‘धुऱ्यावर उभं राहून फोटू काढा, घरून चालत नाई’ एवढ्याने कळते. मागच्या रांगेतील प्रश्न तर ठरलेलाच असतो : ‘सायेब, वावरात रेंजच नसन तं?’ छायाचित्र फोनमध्ये राहते व रेंज आल्यावर पाठवता येते, हे त्याचे उत्तर अडतिसाव्या स्लाइडीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत असते.

श्रोत्याला कळेल अशा सादरीकरणाच्या दृष्टीने याच तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी अभ्यसनीय ठरते. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून दुसऱ्या पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगण्याची ही प्रथा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, आणि कृषिशास्त्रज्ञ व अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तसे वेळोवेळी सांगतातही. मात्र मांडणीपुरते बोलायचे, तर पावसाळ्याचे चार महिने म्हणजे मातीची चार ढेकळे, देशाची तिजोरी म्हणजे करंजी आणि राजाची गादी म्हणजे पानविडा, ही चिन्हे ज्याला समजावून सांगावी लागतील असा श्रोता त्या वावरात उभाच नसतो. ढेकूळ किती भिजले, यावरून त्या महिन्याचा पाऊस वाचला जातो. आलेख तोच, केवळ अक्ष नाहीत. भाकीत चुकले तरी पुढच्या वर्षी गर्दी असतेच, हे भाग्य अचूक ॲपच्याही वाट्याला येत नाही; आणि सूर्योदयापूर्वी जमलेल्या त्या मंडळींना ‘शेवटपर्यंत थांबणाऱ्यांसाठी चहा-नाश्त्याची सोय आहे’ असे कोणी सांगितल्याचे अद्याप ऐकिवात नाही.