नेचेवाले काका

प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी नेचेवाले काका असतातच. गुलाबवाल्यांना प्रदर्शनात बक्षीस मिळतं, तुळसवाल्यांना पुण्य मिळतं. नेचेवाल्यांच्या वाट्याला फक्त एक प्रश्न येतो, "याला फूल कधी येतं हो?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असतं: "नेचे ३५ कोटी वर्षांपूर्वीही होते. फुलं ही नंतरची फॅशन."

आमच्या काकांचं घर पुण्यात. पावसाळा सोडला तर इथली हवा कुरडयांना उत्तम, नेच्यांना जीवघेणी. पण काका हवेपुढे नमत नाहीत, ते घरच्यांना नमवतात. हॉलमध्ये बॉस्टन फर्न टांगलाय, म्हणून ऐन एप्रिलमध्येही पंखा एकच्या पुढे जात नाही. बेडरूममध्ये एसी आहे, तो मुख्यतः त्याच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी. त्यात क्षार नसतात, म्हणून ते नेच्यांचं. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात सगळे क्षार गोळा झालेले, म्हणून ते काकूंचं, लादी पुसायला.

खरा लाडोबा म्हणजे हंसराज. काळेभोर चकचकीत देठ, नाजूक पानं आणि स्वभाव एकुलत्या एका जावयाचा. एक दिवस माती सुकली की रुसला, पान करपलं की पुन्हा हिरवं होणं नाही. त्याचा मुक्काम बाथरूमच्या खिडकीत. "आंघोळ करताना जरा वाफ होऊ द्या," हा हुकूम पाहुण्यांनाही लागू. मे महिन्यात थंड पाण्याने दोन मिनिटांत उरकून आलेल्या भाच्याला काकांनी "आत्मकेंद्री पिढी" ठरवलं.

काकांच्या देव्हाऱ्यात खरं तर डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांचा फोटो हवा. १८२९च्या सुमारास लंडनच्या या डॉक्टरांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला, आणि बाहेर धुराने मरणारा नेचा आत आपणहून उगवला. त्यातून झाडं वाढवायच्या काचपेट्या निघाल्या. हा इतिहास कळला त्याच आठवड्यात काकूंची लोणच्याची मोठी बरणी गेली.

एरवी काका शांत. अपवाद एकच. शेजारणीने एकदा त्यांच्या नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके पाहिले आणि कीड समजून प्रेमाने कडुनिंबाचं तेल मारलं. कीड कुठली, ते बीजाणूंचे पुंजके होते. एवढ्या सरळ रांगेत कीड कधी बसते का? तेव्हापासून त्या बाईंशी काकांचा संवाद लिफ्टच्या बटणापुरता. वाचलेले बीजाणू त्यांनी बिर्याणीच्या पारदर्शक डब्यात पेरले. त्यासाठी कोकोपीट कुकरमध्ये शिजवून घेतलं, त्या दिवशी वरण नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी डब्यात हिरवी साय धरली. काकू शेवाळ म्हणून ती घासायला निघाल्या, तर काकांनी भिंग पुढे केलं, "बघ, नखापेक्षा लहान बदाम आहेत. पाण्याचा थर असला तरच पुंबीजं पोहत जाऊन फलन करतात." काकूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि कुकर कोण घासणार?"

काकांना घेऊन आंबोलीला जाऊ नये. सगळे धबधबा बघतात, हे रस्त्याकडच्या भिंतीला नाक लावून उभे. लग्नाला नेणं त्याहून अवघड. परवाच्या रिसेप्शनला स्टेजवर फोटोग्राफर "स्माइल" म्हणत होता, मागे रांग खोळंबली होती आणि काका नवरीच्या हातातला बुके उलटा करून नवरदेवाला सांगत होते, "फुलं गेली तरी चालतील. मागची ही हिरवी पानं मात्र कागदात गुंडाळून मला पाठवा, बीजाणू पिकलेत!"