चौथाई, सरदेशमुखी आणि वाकवलेला पत्रा

१६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० साली श्रीशिवछत्रपतींच्या फौजा सुरतेवर चालून आल्या, तेव्हा देण्याची पाळी सुरतेची होती आणि घेण्याची आमची. पुढे तीन शतकांनी आम्ही खानदेशातील मंडळी नंदुरबार-दोंडाईच्याकडून ताप्ती लाइनच्या गाडीने, तलवारीऐवजी वळकटी काखेत मारून, त्याच सुरतेत उतरलो, लिंबायत, डिंडोली, गोडादरा येथे बिऱ्हाडे थाटून बसलो, आणि तेव्हापासून देण्याची पाळी सर्वस्वी आमची झाली.

या फिरलेल्या पाळीचे ताजे प्रत्यंतर गेल्या महिन्यात आमच्या भाच्याच्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे गोडादऱ्याच्या एका गल्लीत, पत्र्याच्याच छपराखाली उभे असलेले एक बेंडिंग मशीन, वेल्डिंगचे दोन संच आणि त्या सर्वांवर अंमल चालवणारे आप्पा. यंत्रमागांना लागणाऱ्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या येथे तयार होतात. आजवर त्यांची चित्रे ऑटोकॅडवर, म्हणजे १९८२ साली जन्मलेल्या त्या आद्य आचार्याच्या सपाट पाटीवर, काढली जात आणि उरलेला हिशेब आप्पांच्या डोक्यात होई. परंतु १९९५ च्या सुमारास सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आदी मंडळींनी साध्या विंडोज संगणकावर त्रिमिती घडवण्याचा जो परिपाठ पाडला, तो तीस वर्षे उशिरा का होईना, आपल्या दुकानी यावा अशी भाच्याला इच्छा झाली. त्याने तीन विक्रेत्यांना प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले आणि परीक्षक म्हणून मला बसवले. ज्याला विषयातले काहीच कळत नाही तो निःपक्षपाती असतो, ही समजूत आमच्या घराण्यात बहुधा सरकारी चौकशी समित्यांकडून आली असावी.

१६१५ च्या सप्टेंबरात सर टॉमस रो हा इंग्रज वकील याच सुरतेजवळ, सुवाळीच्या बंदरात, नजराण्यांच्या पेट्या घेऊन उतरला होता. त्या नजराण्यांत एक इंग्रजी घोडागाडी होती. जहांगीर बादशहाने ती स्वीकारली, आपल्या कारागिरांकडून हुबेहूब तशीच दुसरी करवून घेतली आणि वकिलाला व्यापारी तहासाठी तीन वर्षे दरबारात तिष्ठत ठेवले. आमच्या दरबारी आलेल्या तिन्ही वकिलांनी घोडागाडीच्या जागी पेनड्राइव्ह, डायरी आणि काजूकतली असा नजराणा आणला. एवढा एक फरक सोडला तर हेतूत बदल नव्हता.

पहिल्याने पडद्यावर पत्र्याचा एक लहानसा कंस, म्हणजे ब्रॅकेट, दाखवला. तो कंस असा काही आज्ञाधारक होता की, बोट लावताच उलगडे, बोट लावताच मिटे, आणि दर मिटण्याबरोबर भाच्याच्या मुखावर नवपरिणीताचे तेज चढत जाई. दुसऱ्याने तोच कंस निळ्या रंगात दाखवला. तिसऱ्याने कंस फिरवून त्याच्यावर सूर्यप्रकाश पाडला. आमची स्वतःची पेटी, जिच्या कडेला दुमड आहे आणि कोपऱ्यांत रिलीफची खाच कापावी लागते, ती करून दाखवा अशी दरखास्त मी तिघांपुढे ठेवली, तेव्हा तिघांच्याही मते ती सोय वरच्या श्रेणीच्या परवान्यात होती.

इतक्यात आप्पांनी विचारले, "ह्याचा बेंड किती धरला?"

प्रश्न वरवर ग्राम्य असला तरी सबंध व्यवहाराचे मर्म त्यात होते. पत्रा वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि या दोहोंमध्ये एक पातळी अशी असते की जिची लांबी मुळीच बदलत नाही. ही पातळी आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे के-फॅक्टर. पडद्यावर ती ०.५ होती, म्हणजे पातळी बरोबर मध्यावर. कागदोपत्री काम करणाऱ्याला मध्य नेहमीच सुरक्षित वाटतो. आप्पांनी काही न बोलता भंगारातून २ मि.मी. पत्र्याची, मोजून १०० मि.मी. लांबीची पट्टी उचलली, १२ च्या व्ही डायवर काटकोनात वाकवली आणि व्हर्नियर लावला. दोन्ही बाजूंची बाहेरून बेरीज भरली १०३.६, म्हणजे एका बेंडमागे वजावट ३.६. पडद्याच्या हिशेबाने ती ३.२९ होती. आप्पांच्या पट्टीचा के-फॅक्टर भाच्याने काढला, तो निघाला ०.४०. एका बेंडला ०.३१ चा फरक कोणी मनावर घेणार नाही. परंतु आमच्या पेटीत एकाच दिशेने चार बेंड येतात, आणि चार बेंडांत मिळून पेटी सव्वा मिलिमीटरने थोराड होऊन बसते.

"हाऊ पत्रा शे, कागद नही," आप्पा म्हणाले.

"वो व्हॅल्यू तो आप को ही डालनी पडेगी, सर," विक्रेता अत्यंत नम्रपणे म्हणाला.

यावर मी मूल्याची चौकशी केली, तेव्हा कळले की वस्तू विकत मिळतच नाही. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०१६ साली नवे कायमचे परवाने देणे बंद केले, आणि समोरच्या वकिलांनीही वार्षिक वसुलीचाच शिरस्ता उचललेला होता. मराठ्यांची चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे वर दहा टक्के, असा हिशेब निदान आधी ठाऊक असे. येथे पुढल्या साली किती, याचे उत्तर पुढल्या सालीच मिळायचे. शिवाय वसुली थकली तर आपणच काढलेल्या चित्रांना आपल्याच दुकानात हात लावता येणार नाही, ही अट आमच्या कोणत्याही सरदाराला सुचली नव्हती, असे मी अभिमानाने नमूद करतो.

निर्णय दिवाळीनंतर घेऊ, असे ठरून दरबार बरखास्त झाला. निघताना तिसऱ्या विक्रेत्याचा तरुण इंजिनिअर आप्पांजवळ घोटाळला. आप्पांपाशी एक तेलकट वही आहे. कोणता पत्रा, किती जाडीचा, कोणत्या डायवर वाकवला तर किती वजा करायचे, याची वीस वर्षांची नोंद तिच्यात आहे. इंजिनिअरने ती आदराने चाळली, मोबाइल काढला आणि पानापानाची छायाचित्रे घेतली. आप्पांना वाटले, पोरगा शिकतो आहे. त्यांनी पाने स्वतः धरून दिली.

पंधरा दिवसांनी उधन्यातील एका स्नेह्याच्या कारखान्यात हाच इंजिनिअर प्रात्यक्षिकास आला, आणि निःपक्षपातीपणाची ख्याती तोवर तिथवर पोहोचल्यामुळे परीक्षक पुन्हा मीच होतो. या खेपेस त्याने मोठ्या दिमाखाने खास भारतीय पत्र्यांसाठी घडवलेले कोष्टक उघडले. सीआरसी, जीआय, एसएस ३०४ असे तीन पत्रे ओळीने होते, २ मि.मी. सीआरसीसमोर ३.६ चा आकडा होता, आणि चौथ्या ओळीत ‘कटिंग’ नावाचा एक पत्रा होता, ज्याची वजावट सोमवारी ४, मंगळवारी ६ आणि शनिवारी ११ होती. हा पत्रा कोणत्या कामी येतो, असे स्नेह्याने विचारले. इंजिनिअरने क्षणभर कोष्टकाकडे पाहिले आणि हेवी ड्यूटी कामासाठी तो उत्तम असल्याचे सांगितले. आप्पा चहाचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर ठेवतात, हे मी त्या वेळी बोललो नाही.